चाकांवरचं बिऱ्हाड

महाशिवरात्र जवळ आली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या वाटांवर पूर्वी रेंग्या दिसू लागत. रेंगी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. वर तट्ट्याची कमान, खाली तणसाचा जाड थर, त्यावर वाकळ. आत पोरंबाळं आणि म्हातारी माणसं, मागे बैलांचा चारा, आणि एका कोपऱ्यात तांदूळ, लाखोळीची डाळ, तिखट-मीठ आणि जर्मलचा गंज. गडचिरोली, चामोर्शी, मूल या भागातली कुटुंबं मार्कंड्याला जात. कुरखेड्याकडची माणसं जवळच्या अरततोंडीच्या महादेवगडावर जात. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते. त्या वळणावर मध्ययुगीन देवळांचा समूह आहे आणि समोर नदीचं वाळवंट. जत्रेतली बिऱ्हाडं त्या वाळूतच पडत.

अशा प्रवासात घरच्या कर्त्या माणसाला तीनच गोष्टींची काळजी असे. रात्री गाडी कुठे सोडायची, पाणी कुठे मिळेल आणि सकाळी आडोसा कुठे सापडेल. बैल, चाकं आणि वाट यांचा विचार त्यानंतर.

आज युरोपात, ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये एखादं मराठी कुटुंब कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन निघतं, तेव्हा त्याच्याही पुढ्यात हेच तीन प्रश्न असतात. कॅम्पर व्हॅन म्हणजे झोपायची, शिजवायची आणि बहुतेक वेळा संडासाची सोय असलेली मोटार. फोटोत दिसतो तो तळ्याकाठी उघडलेला दरवाजा आणि वाफाळता चहा. तो चहा त्या जागी निवांत पिता यावा म्हणून त्या देशांनी कायदे केले, नळ बसवले, मैल्याची विल्हेवाट लावायची ठिकाणं बांधली आणि ती नकाशावर दाखवली. या प्रवासाची खरी गंमत समजून घ्यायची तर गाडीइतकंच त्या मुक्कामांकडे पाहायला हवं.

हौसेखातर घर चाकांवर चढवण्याची सुरुवात घोड्यांपासून झाली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलात डॉक्टर राहिलेले स्कॉटिश गृहस्थ. पुढे ते मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी एक फिरतं घर बांधून घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘द वाँडरर’. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या ट्वायफर्डहून निघून ते थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. समोरून येणाऱ्यांना सावध करायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. त्यापूर्वी अशा गाड्यांत राहत ते जिप्सी, सर्कसवाले आणि फिरते विक्रेते. पोटासाठी फिरणाऱ्यांचं घर आता सुट्टीसाठी फिरणाऱ्यांनी उचललं. आपल्याकडेही लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य बैलांवर लादून शेकडो वर्षं कुटुंबासह हिंडत होते, पण त्यांच्या प्रवासाला सहल म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मोटारीचं घर सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. जर्मनीत १९५० मध्ये फोक्सवॅगनची चौकोनी छोटी व्हॅन तयार होऊ लागली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बसवायचं सामान विकायला काढलं. दिवसा बाक, रात्री पलंग आणि शेजारी छोटंसं कपाट. आठवडाभर मालाची ने-आण करणारी गाडी रविवारी कुटुंबाची होऊ लागली.

मराठी कुटुंबाने पहिल्यांदा हा प्रवास करायचा तर न्यूझीलंड हा सगळ्यांत सोपा देश. तिथे आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात. पाट्या इंग्रजीत असतात. साध्या मोटारीच्या परवान्यावर भरलेल्या वजनासह ६,००० किलोपर्यंतचं वाहन चालवता येतं. ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या बहुतेक देशांत ही मर्यादा ३,५०० किलोंची आहे, त्यामुळे सहा जणांची मोठी गाडी घेताना तिथे वजन तपासावं लागतं. शिवाय न्यूझीलंडमध्ये भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे. २०२३ च्या जनगणनेत ती २ लाख ९० हजारांच्या वर गेली. ऑकलंडमध्ये मराठी मंडळ आहे आणि किराणा दुकानांत तूरडाळ, पोहे, गोडा मसालाही मिळतो.

ऋतू मात्र उलटे आहेत, आणि इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. विदर्भातल्या शाळांना सुट्टी लागते मे महिन्यात. तेव्हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर हिवाळा दाराशी आलेला असतो, दिवस आखूड होतात आणि डोंगररस्त्यांवर बर्फ पडू लागतो. दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत असतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी तीच वेळ बरी.

गाडीच्या आतली व्यवस्था एकदा नीट पाहून ठेवावी. एका टाकीत पिण्या-वापरायचं पाणी. दुसऱ्या टाकीत भांडी आणि हात धुतलेलं सांडपाणी साठतं. संडासाखाली सुटकेससारखा बाहेर काढता येणारा डबा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. त्यात वीसेक लिटर मावतं. इंजिनाच्या बॅटरीखेरीज घरासाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावर दिवे, पंप आणि लहानसा फ्रिज चालतो. शेगडीला गॅसचं सिलिंडर. मुक्कामाच्या ठिकाणी खांबाला जाड वायर जोडली की घरासारखी वीज मिळते.

चौघांचं कुटुंब या गाडीत शिरलं की पहिल्याच दिवशी पाण्याचा हिशेब सुरू होतो. घरी नळ सोडून दात घासणारा मुलगा इथे पंपाचा आवाज ऐकून पटकन तोटी बंद करतो, कारण टाकी रिकामी झाली तर भरायला कुणालातरी नळी ओढत जावं लागतं. भांडी आधी कागदाने पुसायची आणि मग थोड्या पाण्यात विसळायची. खिचडी किंवा पुलावासारखा एका भांड्यात होणारा स्वयंपाक करायचा. फोडणी देताना छताची झडप आणि खिडकी दोन्ही उघडी ठेवायची, कारण मोहरी तडतडून मिरची पडली की डोक्यावरचा धुराचा भोंगा वाजायला लागतो आणि शेजारच्या गाडीतली माणसं खिडकीशी येतात. रात्री बाकांवर फळ्या टाकून पलंग करायचा, म्हणजे आधी टेबलावरचं सगळं आवरायला हवं. सकाळी पलंग मोडल्याशिवाय न्याहारीला बसता येत नाही. एका खोलीच्या घरात वाढलेल्या माणसाला यात नवं काही नाही. स्वतंत्र खोल्यांत वाढलेल्या मुलांना मात्र दोन-तीन दिवस जड जातात, आणि मग तीच मुलं कुठली वस्तू कुठल्या खणात ठेवायची हे मोठ्यांना सांगू लागतात.

सगळ्यांत महत्त्वाचं काम संडासाच्या डब्याचं. ते दर दोन दिवसांनी करावं लागतं. गावाबाहेर, पेट्रोल पंपाजवळ किंवा कॅम्पच्या आवारात ठरलेलं ठिकाण असतं. पाटी असते, जमिनीत झाकणाचं तोंड असतं, बाजूला धुवायचा नळ, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ तिथून लांब. डबा ओढत न्यायचा, तोंड वळवायचं, हवेचं बटण दाबून ओतायचं म्हणजे उडत नाही, मग थोडं पाणी घालून हलवायचं आणि पुन्हा ओतायचं. शेवटी त्यात मैला विरघळवणारं औषध टाकायचं. सांडपाण्याची टाकीही तिथेच रिकामी होते. हे काम आई-वडिलांपैकी कुणीही, हातात मोजे घालून, मुलांदेखत करतं. आपला मैला आपण उचलायचा हा धडा कुठल्याही राजवाड्याच्या भेटीपेक्षा मोठा आहे.

हे सगळं सौजन्यावर सोडलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये २०११ मध्ये मोकळ्या जागी मुक्काम करण्यासंबंधीचा कायदा झाला. पर्यटक वाढत गेले, काही जण तळ्याकाठी आणि झुडपांत घाण करून जाऊ लागले आणि गावकरी चिडले. मग २०२३ मध्ये नियम कडक झाले. स्थानिक परिषदेच्या जागेवर गाडीत झोपायचं तर, परिषदेने वेगळी सूट दिली नसेल तिथे, गाडी स्वयंपूर्ण असल्याचा दाखला हवा, आणि त्यासाठी आत पक्का बसवलेला संडास हवा. पलंग पसरलेला असतानाही तो वापरता आला पाहिजे. नियम मोडणाऱ्याला शेकडो डॉलर दंड होतो. देशाची जवळपास एक-तृतीयांश जमीन तिथल्या निसर्गसंवर्धन विभागाकडे आहे. त्याच विभागाची शेकडो साधी मुक्कामस्थळं जंगलात आणि किनाऱ्यावर आहेत. अनेक ठिकाणी फक्त पाणी आणि संडास असतो, वीज नसते. मराठी कुटुंबाने एक रात्र अशा ठिकाणी आणि एक रात्र वीज-गरम पाणी असलेल्या खासगी आवारात असं आलटून पालटून केलं तर खर्चही आटोक्यात राहतो आणि कपडेही धुतले जातात.

पाहण्यासारखं तर अपार आहे. उत्तर आणि दक्षिण बेटांमधली कुकची सामुद्रधुनी गाडीसकट जहाजाने ओलांडावी लागते. वेलिंग्टनहून पिक्टनला पोचायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि शेवटचा टप्पा हिरव्या डोंगरांत घुसलेल्या खाड्यांमधून जातो. दक्षिण बेटावर टेकापो तळं आहे. त्याचं पाणी दुधाळ निळं दिसतं, कारण हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची पिठी त्यात तरंगत असते. काठावर १९३५ मध्ये बांधलेलं दगडी चर्च उभं आहे. २०१२ मध्ये या परिसराला रात्रीचं काळोखी आकाश राखणारं अभयारण्य म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दिव्यांवर बंधनं आहेत, म्हणून गाडीबाहेर खुर्ची टाकली की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. गडचिरोलीच्या मुलांना हे आकाश ओळखीचं वाटेल. फक्त तिथलं नक्षत्रांचं चित्र उलटं असतं, मृग डोक्यावर उभा राहिल्यासारखा दिसतो.

दक्षिण बेटावरच्या मिलफर्ड साउंड या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी जपून चालवावी. वाटेत ‘ते आनाऊ’ नावाच्या गावात इंधनाची टाकी भरून घ्यायची. पुढे १९५४ मध्ये खुला झालेला, सव्वा किलोमीटर लांबीचा होमर बोगदा लागतो. हिवाळ्यात चाकांच्या साखळ्या जवळ बाळगणं सक्तीचं होतं. डोंगरात केआ नावाचे मोठे हिरवे पोपट गाडीवर उतरतात आणि वायपरचं, खिडकीचं रबर चोचीने उपटतात. त्यांना खायला घालू नये, हा तिथला नियम मनापासून पाळावा. देशभर एकपदरी पूल पुष्कळ आहेत. पाटीवर आपल्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मुभा असली तरी ३,५०० किलोंवरच्या गाडीला ती ९० आहे, आणि वळणांच्या रस्त्यावर तेवढा वेग धरताच येत नाही. दिवसाला २०० किलोमीटरहून जास्त बेत आखू नये. ज्यांनी आखला, त्यांना देश काचेतूनच पाहावा लागला.

विमानतळावरची एक गोष्ट विदर्भातल्या माणसाने पक्की लक्षात ठेवावी. न्यूझीलंड शेतीवर जगतं आणि बाहेरचे किडे-रोग येऊ नयेत म्हणून फार जपतं. खाण्याची वस्तू जाहीर न करता नेली तर तिथल्या तिथे ४०० डॉलर दंड होतो. घरचं तूप, मध, बिया, वाळवलेली मोहफुलं, लोणचं यांतलं जे काही असेल ते अर्जावर लिहावं आणि विचारल्यावर दाखवावं. जाहीर केलं तर फार तर वस्तू काढून घेतात, दंड होत नाही.

इतर देशांत नियमांची तऱ्हा वेगळी. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही तंबू ठोकता येतो, मात्र वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर लांब. मोटार रानात घालायची परवानगी त्यात नाही. आइसलंडने पर्यटकांच्या लोंढ्यानंतर २०१५ मध्ये नियम बदलले, आणि आता गाडीत झोपायचं तर ठरलेल्या आवारातच जावं लागतं. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये लहान लहान गावांनीही चाकांवरच्या घरांसाठी जागा राखल्या आहेत. पाणी, मैल्याची सोय आणि चालत जाण्याच्या अंतरावर बेकरी. पाहुणा रात्रभर थांबतो आणि सकाळी गावातच खरेदी करतो, हे गावाला कळलेलं आहे.

मोटारीतून लांबच्या प्रवासाला निघालेल्या मराठी घरांमध्ये भारूलता कांबळे यांचं नाव घ्यायला हवं. त्या राहतात ब्रिटनमध्ये, सासर महाडचं. २०१६ मध्ये त्या एकट्या मोटार चालवत उत्तर ध्रुववृत्तातून वाट काढत ३२ देश ओलांडून भारतात आल्या. नंतर त्या दोन्ही मुलांना घेऊन नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे, नॉर्डकॅपला गेल्या. त्यांची गाडी साधी मोटारच होती, तिच्यात पलंग नव्हता. तरीही घरातली आई स्टिअरिंगवर आणि मुलं नकाशावर, हे चित्र आपल्याकडे आणखी दिसायला हवं.

चंद्रपूर जिल्ह्याने तर पलंग असलेली गाडी फार पूर्वी पाहिली आहे. याच जिल्ह्यात कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या बाबा आमटेंना मणक्याच्या आजारामुळे बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढंच शक्य होतं. २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि सत्तरी ओलांडलेले बाबा झोपण्याची सोय केलेल्या गाडीतून आडवे होऊन त्यांच्याबरोबर काश्मीरच्या दिशेने गेले. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली. शरीर साथ देत नसलेल्या माणसाला देश पाहता येतो, लोकांना भेटता येतं, हे त्या गाडीने दाखवलं. घरात चालू न शकणारी आजी असली की आपण तिला सहलीतून वगळतो. परदेशात पाय अधू झालेली कितीतरी माणसं अशाच गाड्यांतून हिंडतात.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. केरळने त्याच वर्षी आपलं धोरण जाहीर केलं. धोरणाने गाड्या येतील, पण मुक्काम आपोआप उभे राहत नाहीत. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. कुरखेड्याच्या परिघात वैरागडचा किल्ला आहे, टिपागडचा डोंगर आणि त्यावरचं तळं आहे, इटियाडोहचा जलाशय आहे. खाली सिरोंचाकडे वडधमला प्राचीन जीवाश्म आहेत. आणि इथे एक गोष्ट अशी आहे, जी न्यूझीलंडकडेही या रूपात नाही. जंगलावर ग्रामसभांचा कायदेशीर हक्क आहे. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना तसा हक्क मिळाला. एखाद्या ग्रामसभेने ठरवलं तर मामा (माजी मालगुजारी) तलावाजवळ चार-पाच गाड्यांपुरती सपाट जागा, एक हातपंप, सौर दिवा आणि मैल्यासाठी बंदिस्त टाकी एवढ्यावर मुक्काम उभा राहू शकतो. किती गाड्या घ्यायच्या, कुठल्या महिन्यांत घ्यायच्या, किती पैसे घ्यायचे आणि कुणाला नाही म्हणायचं, हे गावच ठरवील. त्याआधी गाड्या येऊ लागल्या तर घाण तेवढी गावाच्या वाट्याला येईल, आणि न्यूझीलंडच्या गावांनी जो ताप सोसला तो इथेही होईल. म्हणून आधी मुक्काम बांधावेत, जाहिराती मागाहून कराव्यात.

ज्यांना परदेशी जायचं आहे, त्यांनी कुरखेड्यात बसूनच तयारीला लागावं. पासपोर्टसाठी नागपूरच्या विभागीय कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या परिवहन कार्यालयातूनच मिळतो, म्हणजे एमएच ३३ वाल्यांना गडचिरोलीहून आणि एमएच ३४ वाल्यांना चंद्रपूरहून. त्यासाठी चालू परवाना, पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, फी एक हजार रुपये. सात वर्षांखालच्या मुलांसाठी न्यूझीलंडमध्ये मान्यताप्राप्त बालआसन सक्तीचं आहे, ते गाडी ठरवतानाच सांगून ठेवावं. निघण्याआधी एखाद्या रविवारी मैदानात नेऊन घरातल्या दुसऱ्या माणसालाही मोठी गाडी मागे घ्यायला शिकवावं. आंतरराष्ट्रीय परवाना जास्तीत जास्त एक वर्षासाठी मिळतो, तेव्हा तिकीट पक्कं झाल्यावरच त्याचा अर्ज करावा.